एक ते तीन वर्षांच्या लेकराला घेऊन सोलापूरहून निघताना: टप्प्याटप्प्यानं तयारी

माझी लेक चिऊ चौदा महिन्यांची असताना आम्ही तिचं जावळ काढायला तुळजापूरला निघालो. मे महिना, दुपारचे बारा, एसटीचा प्रवास. अंतर ४५ किलोमीटर, म्हणून तयारी अशी कुणी केलीच नाही. पिशवीत जावळाचे नवे कपडे होते, ओटीचं सामान होतं, नैवेद्य होता. पाण्याची बाटली मात्र एकच, आणि ती स्टँडवरच अर्धी संपली. घाट लागायच्या आत चिऊ दोनदा ओकली. मग रडायची थांबली आणि माझ्या खांद्यावर मान टाकून पडून राहिली. शेजारच्या सीटवरच्या आजींनी तिच्या कपाळाला हात लावला. "लेकरू तापलंय की गं. टोपडं काढ आधी. अंग पूस ओल्या फडक्यानं, अन् पाणी घोट घोट दे, एकदम नको." आपल्या पदराचं टोक भिजवून त्यांनीच तिची मान पुसली. तुळजापुरात उतरल्यावर देवळाच्या आधी दवाखाना गाठला. ओआरएस पोटात गेल्यावर दोन तासांनी चिऊ हसली. ते दोन तास मी विसरलेले नाही.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. माझं माहेर पुण्याला, त्यामुळं पुण्याच्या खेपा बऱ्याच झाल्या. मुंबई, पंढरपूर, अक्कलकोटही झालं. काही प्रवास फार सुंदर झाले, काही रडत पार पडले. ज्यांच्या घरी नुकतं चालायला लागलेलं लेकरू आहे आणि पहिल्यांदाच बाहेर पडायचंय, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आधी वेळ ठरवा, मग गाडी

आपण आधी गाडी बघतो, आरक्षण मिळेल ते घेतो आणि लेकराला त्यात बसवतो. मी हे उलटं करायला शिकले. निघायच्या आधी चार-पाच दिवस एका कागदावर लिहून ठेवा: सकाळी किती वाजता उठतं, दुपारी कधी झोपतं, भूक कधी लागते, शी कधी होते. चिऊ दुपारी साडेबारा ते अडीच झोपायची. तिच्या झोपेच्या वेळेला आपण गाडीत बसून स्थिरावलेलो असलो की निम्मं काम झालं. त्याच वेळेला रिक्षा, जिना, प्लॅटफॉर्म आणि गर्दी आली की पुढचा सगळा दिवस किरकिरीत जातो.

दुसरी गोष्ट उन्हाची. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढं जातो, हे कुणाला सांगायला नको. मोठ्या माणसाला ऊन सोसतं. लेकराच्या अंगातलं पाणी मात्र लवकर कमी होतं आणि त्याला ते सांगताही येत नाही. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आम्ही रस्त्यानं निघतो ते सकाळी नऊच्या आत पोचण्याच्या हिशोबानं, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. ज्यांचं काम टळण्यासारखं आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. आपल्याकडं तेव्हा हवा छान असते.

लस दिली असेल तर निदान दोन दिवस थांबा. बऱ्याच लशींचा ताप त्याच काळात येतो.

आणि एका दिवसात एकच काम. तुळजापूर करून येता येता आणखी दोन ठिकाणं उरकू, हा विचार मोठ्यांच्या प्रवासातला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच, निघायच्या चार दिवस आधी, शांतपणे सांगून ठेवा. ऐन वेळी रस्त्यात सांगितलं तर वाद होतो आणि लेकरू त्या वादात आणखी रडतं.

२. कशानं जायचं

रेल्वे

माझं मत विचाराल तर लेकराबरोबर लांबच्या प्रवासाला रेल्वेसारखं दुसरं वाहन नाही. उभं राहता येतं, फिरवता येतं, शौचालय असतं, कपडे बदलायला जागा मिळते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण वेगळी जागाही मिळत नाही. ऑनलाइन तिकीट काढताना त्याचं नाव 'इन्फंट'च्या रकान्यात भरा. त्याच्यासाठी वेगळा बर्थ किंवा सीट हवी असेल तर ते पूर्ण तिकीट भरून मिळते. दीड वर्षापर्यंत आम्ही मांडीवर भागवलं. नंतर रात्रीच्या प्रवासाला तिच्यासाठी पैसे भरून बर्थ घ्यायला लागलो. आई अंग आखडून रात्रभर जागी राहिली, तर दुसऱ्या दिवशी लेकराकडं बघायची ताकद राहत नाही. त्यापुढं ते पैसे जास्त वाटत नाहीत.

मुंबईला जायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस लेकरांसाठी सोयीची आहे. निघते तेव्हा मूल झोपायच्या बेतात असतं आणि उजाडता उजाडता मुंबई जवळ आलेली असते. अडचण एकच. गाडी रात्री उशिरा आहे म्हणून आपण लेकराला तोवर जागं ठेवतो आणि अति दमलेलं मूल झोपायच्या ऐवजी किंचाळतं. चिऊला आम्ही घरीच नेहमीच्या वेळी जेवू घालून, रात्रीचे कपडे घालून झोपवायचो. झोपेतच उचलून स्टेशनवर न्यायचो. गाडी फलाटावर लागली की आधी एकानं सामान घेऊन चढायचं, चादर अंथरायची. मग दुसऱ्यानं लेकरू आणायचं.

बर्थ खालचाच हवा. ४५ वर्षांवरच्या महिलांना आणि ज्येष्ठ नागरिकांना खालचा बर्थ देण्याची रेल्वेची वेगळी तरतूद आहे, म्हणून आई किंवा सासूबाई बरोबर असतील तर शक्यता वाढते. नाही मिळाला तर डब्यात चढल्यावर नम्रपणे विचारा. लेकरू कडेवर बघून माणसं जागा बदलून देतात, असा माझा अनुभव आहे. मूल भिंतीच्या बाजूला, आपण कडेला. खाली दोन सीटच्या मधल्या जागेत बॅगा अशा ठेवा की पडलंच तर ते बॅगेवर पडेल. वरच्या बर्थवर लेकराला घेऊन अजिबात झोपू नका.

पुण्याला दिवसा जायचं तर हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारतही आहे. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूरहून निघते, आठवड्यातला एक दिवस ती नसते, तेवढं बघून घ्या. पुण्यापर्यंत ती फार चांगली. मुंबईपर्यंत मात्र साडेसहा तास बसून जायचं असतं, आडवं व्हायची सोय नाही, आणि एसीचा गारवा लेकरांना बोचतो. पायमोजे आणि पातळ स्वेटर हाताशी ठेवा, मे महिना असला तरी.

एसटी

जवळच्या गावांना एसटीला पर्याय नाही. पाच वर्षांच्या आत मुलाला तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. सीट पुढच्या अर्ध्या भागातली धरा. मागच्या चाकावर आणि सगळ्यात मागच्या बाकावर धक्के जास्त बसतात, लेकरू हमखास ओकतं. तुळजापूरच्या घाटाआधी पोट भरून दूध पाजू नका. निघायच्या तासभर आधी थोडं कोरडं काही द्या आणि पुढं घोटभर पाणी. खिडकी उघडी हवी, पण लेकराचा हात आणि डोकं आत. हे बघायला एक माणूस सतत लागतं.

मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, अंगावर पाजायला. दार बंद दिसलं तर चौकशीच्या खिडकीवर विचारा, उघडून देतात.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी

इथं मी थोडी कडक बोलणार आहे. पुढच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन बसायची आपल्याकडं सर्रास पद्धत आहे. अचानक ब्रेक लागला तर दहा किलोचं मूल हातात धरून ठेवणं कुणालाही शक्य नाही. समोरची एअरबॅग उघडली तर ती मोठ्या माणसाच्या हिशोबानं आणि मोठ्या जोरानं उघडते. मुलांसाठीचं कार सीट मागच्या सीटवर बसवा. लहान वयात त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणं १४ वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा असं सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी म्हणून नको, लेकरासाठी करा. पहिले दोन दिवस चिऊ त्यात बसेना. मग आम्ही ते सीट आठवडाभर घरात जमिनीवर ठेवलं. ती त्यात बसून केळं खायला लागली, बाहुलीला बसवायला लागली, आणि पुढं गाडीत तक्रार केली नाही.

पुण्याच्या रस्त्याला दर दीड तासानं थांबा. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे टप्पे पडतात. थांबलं की लेकराला दहा मिनिटं चालू द्या, मग पुन्हा बसवा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघतानाच लावा. आणि "दोनच मिनिटं" म्हणूनही मुलाला बंद गाडीत ठेवून उतरू नका. आपल्या उन्हात आतली हवा बघता बघता तापते.

दुचाकीवर स्टेशनपर्यंत जाणाऱ्यांसाठी: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा सुरक्षा पट्टा आवश्यक आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. सामान आणि लेकरू दोन्ही असताना सरळ रिक्षा करा.

विमान

होटगी रस्त्याच्या विमानतळावरून आता उड्डाणं सुरू झाली आहेत. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून कमी भाड्यात जातं, त्यानंतर स्वतंत्र सीट लागते. वयाचा पुरावा विचारतात. वर चढताना आणि उतरताना कान दुखतात, त्या वेळी अंगावर पाजा किंवा बाटलीनं पाणी द्या. गिळत राहिलं की कान मोकळे होतात.

३. कागदपत्रं

- जन्म दाखल्याची प्रत
- बाल आधार (पाच वर्षांच्या आत निळं मिळतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत)
- लसीकरणाचं कार्ड
- नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची शेवटची चिठ्ठी, वजन लिहिलेली
- आई-वडिलांची ओळखपत्रं, तिकिटं

सगळ्याचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवेत. एकाचाच फोन बंद पडला म्हणून रात्री परक्या गावात दवाखान्यात उभं राहून लसीच्या तारखा आठवायची वेळ माझ्यावर आली आहे.

४. पिशव्या दोनच

एक मोठी, जी पोचेपर्यंत उघडायची नाही. दुसरी हातातली, खांद्याला अडकवायची. हातातल्या पिशवीत काय असावं:

- दर तीन तासांना एक याप्रमाणं डायपर आणि वर तीन जास्त
- ओले वाइप्स, जुन्या सुती साडीचे चार-पाच तुकडे
- कपड्यांचे दोन जोड, शिवाय आईचा एक कुर्ता (ओकलं तर तिचेही कपडे जातात)
- घाण कपड्यांसाठी चार बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या
- डायपर बदलायला रबरी शीट
- पाण्याच्या दोन बाटल्या, स्टीलची वाटी आणि चमचा
- एक जुनं खेळणं, एक न पाहिलेलं
- सोलापुरी चादर

शेवटच्या वस्तूबद्दल थोडं जास्त सांगते. आपल्या घरात चादरींची कमी नाही, म्हणून आपल्याला तिचं मोल वाटत नाही. प्रवासात ती सीटवर अंथरता येते, बर्थच्या कडेला गुंडाळी करून कठडा करता येतो, पाजताना आडोसा होतो, फलाटावर घालून बसता येतं, एसीत पांघरता येते. शिवाय चिऊची एक स्वतःची चादर आहे, निळ्या मोरांची, एका कडेची दशी तिनं चघळून चघळून लोंबती केलेली. ती कड गालाला लागली की तिचे डोळे मिटतात. एकदा पुण्याला जायचं म्हणून मी ती आदल्या दिवशी साबणाच्या पावडरीत स्वच्छ धुतली. रात्री माहेरी चिऊ चादर नाकाशी न्यायची आणि ढकलून द्यायची, पुन्हा न्यायची आणि ढकलून द्यायची. दीड वाजेपर्यंत रडली. तिच्या घराचा वासच मी धुऊन टाकला होता. तेव्हापासून झोपेची चादर निघायच्या आठवड्यात धूत नाही. तुमच्या लेकराचीही अशी काही वस्तू असेलच. ती हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर.

५. खाणं आणि पाणी

आपल्या आज्या प्रवासाला दशम्या करायच्या. दुधात मळलेली, किंचित गुळाची दशमी दिवसभर मऊ राहते आणि लेकराच्या बोटांना धरता येते. मला अजून तिच्यापेक्षा चांगलं प्रवासाचं खाणं सापडलेलं नाही. त्याशिवाय केळी, उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू चुरून, मऊ भात मेतकूट-तूप घालून (हा मात्र निघाल्यावर दोन-तीन तासांत संपवा). नाचणीसत्त्व कोरडं भाजून डब्यात ठेवलं की थर्मासमधल्या गरम पाण्यात कालवता येतं.

दूध उकळून बाटलीत भरून नेऊ नका. आपल्या हवेत ते लवकर नासतं, आणि कोमट थर्मासमध्ये तर जंतू झपाट्यानं वाढतात. वरचं दूध लागत असेल तर गरम पाणी वेगळं, पावडर वेगळी, लागेल तेव्हा तेवढंच कालवा. अंगावर पाजत असाल तर सगळ्यात सोपं. कोण बघतंय याचा विचार करू नका. लेकराची भूक मोठी.

आता धोक्याच्या गोष्टी. आपल्या सोलापुरात शेंगा म्हणजे जीव. गाडीत कुणीतरी प्रेमानं मूठभर शेंगदाणे लेकराच्या हातावर ठेवतंच. पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, गोळ्या, अख्खी द्राक्षं देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात, आणि हलत्या गाडीत दवाखाना जवळ नसतो. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार तुकडे करून. शेंगाचटणी पोळीला पुसटशी लावून चालते, तीही घरी सवय असेल तरच. देणाऱ्याला नकार देताना अवघड वाटतं. मी म्हणते, "काकू, डॉक्टरांनी सांगितलंय, अडकतं म्हणून. तुमचा हात डोक्यावर राहू द्या." कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

पाणी घरचं, उकळून गार केलेलं. संपलं तर सीलबंद. बर्फ, गाड्यावरचा उसाचा रस, उघडी कापलेली फळं या वयात नको.

६. औषधांचा डबा

- ओआरएसची पाकिटं
- पॅरासिटामॉलचं सिरप आणि त्याची मापाची टोपी किंवा सिरिंज
- थर्मामीटर
- डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीचं औषध
- जखमेचं मलम, पट्टी, कापूस
- नेहमीचं चालू औषध असेल तर दोन दिवसांचं जास्त

ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरला, लहान २०० मिलिलिटरला. मोठ्या पाकिटातलं चिमूटभर पेल्यात टाकून देऊ नका, प्रमाण चुकलं की उपयोग होत नाही. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या. विकत घेताना 'डब्ल्यूएचओ' सूत्राचं आहे का ते बघा. फळांच्या चवीची गोड खोकी म्हणजे ओआरएस नव्हे.

पॅरासिटामॉलमध्ये एक मोठा खड्डा आहे. बाजारात १२०, १२५ आणि २५० मिलिग्रॅम (दर ५ मिलिलिटरला) अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरपं मिळतात, थेंब तर त्याहून तीव्र असतात. घरची बाटली विसरली, परगावी दुसरी घेतली आणि तेवढंच माप दिलं, तर डोस दुप्पट होऊ शकतो. डॉक्टरांकडून लेकराच्या वजनाप्रमाणं माप मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या.

आणि कृपा करून, झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका. "प्रवासात अर्धा चमचा दे, गप झोपतं" हा सल्ला मला चार जणींनी दिला होता. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेली सर्दीची मिश्रणं चार वर्षांच्या आत देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

सहा तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडून आहे: यातलं काहीही दिसलं तर पुढचं सगळं सोडून दवाखाना गाठा. रेल्वेत असाल तर १३९ वर फोन करा, पुढच्या स्टेशनवर वैद्यकीय मदत मागता येते.

७. गाडीत बसल्यावर

पहिला अर्धा तास काही द्यायचं नाही, खेळणं नाही, खाऊ नाही. खिडकी पुरते. सगळी खेळणी एकदम बाहेर काढली तर पाकणी यायच्या आत ती सगळी जुनी होतात. एक संपलं की एक. मोबाइल मी अगदी शेवटच्या तासासाठी ठेवते, आणि ओकण्याची सवय असलेल्या मुलाला चालत्या एसटीत किंवा कारमध्ये तो देऊच नका. मळमळ वाढते.

दोघं मोठे असाल तर वेळ वाटून घ्या. तासभर एकाचं लेकरू, दुसऱ्यानं डोळे मिटायचे. दोघांनी सतत लक्ष ठेवलं तर दोघंही दमतात आणि दौंड येईपर्यंत एकमेकांवर चिडतात.

रडणार हे धरूनच चला. चिऊ एकदा कुर्डुवाडीपासून सलग पाऊण तास रडली. पोट भरलेलं, डायपर कोरडा, ताप नाही, तरी रडत होती. डब्यातले लोक बघत होते आणि मला घाम फुटला होता. मग मी तिला घेऊन दोन डब्यांच्या मधल्या जागेजवळ उभी राहिले (दार बंद आहे ना हे आधी बघा) आणि नुसती थोपटत राहिले. गाडी उजनीच्या पाण्याच्या पट्ट्यात आली. हिवाळ्याचे दिवस, पाणी काठोकाठ, आणि उथळ कडेला पांढरे पक्षी. तिचं रडणं हुंदक्यावर आलं. काचेला तिनं तळवा चिकटवला. दोन-तीन पक्षी उडाले तशी म्हणाली, "भुर्र." तोवर ती आई, बाबा आणि दूदू एवढंच म्हणायची. हा तिचा नवा शब्द, रडून लाल झालेल्या नाकानं, आणि मी तो गाडीतच तिच्या बाबांना फोन करून सांगितला.

शौचालयात लेकराला एकट्यानं सांभाळणं कठीण. डायपर सीटवरच रबरी शीट घालून, चादरीच्या आडोशाला बदला. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचरापेटीत टाका. शौचालयात टाकू नका, रेल्वेतली आताची जैव-शौचालयं त्यानं तुंबतात.

हरवण्याची भीती सगळ्यांना असते, बोलत कुणी नाही. निघताना लेकराचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. भडक रंगाचे कपडे घाला. मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी आतल्या खिशात किंवा सदऱ्याच्या आतून पिन करून ठेवा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकतो. चुकलंच तर ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९.

८. देवाला जाताना

आपल्याकडचे पहिले प्रवास बहुतेक देवाचेच असतात. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. अक्कलकोटला गुरुवार टाळा. पंढरपूरला एकादशी आणि वाऱ्यांचे दिवस टाळा. गर्दीच्या दिवशी पंढरपुरात मुखदर्शन घ्या, पदस्पर्शाच्या रांगेत लेकराचे हाल होतात. तुळजापूरला पायऱ्या उतरून जावं लागतं, बाबागाडी तिथं ओझं होते. कडेवर किंवा अंगाला बांधायच्या झोळीत घ्या. अनवाणी लेकराला दुपारच्या तापलेल्या फरशीवर उभं करू नका, सुती पायमोजे घाला.

जावळ सकाळी, झोप आणि पोट दोन्ही भरलेलं असताना काढा. ब्लेड तुमच्यासमोर नवं काढायला सांगा. डोकं मामाच्या मांडीवर घट्ट, पण हात लेकराच्या हातात. आमचं जावळ शेवटी पुढच्या डिसेंबरात झालं, सकाळी साडेसातला. चिऊ रडलीही नाही.

९. पोचल्यावर आणि परतताना

नातेवाइकांकडं पोचलं की सगळे हात पुढं करतात. लेकरू आईला चिकटतं, मग "अंगावरचं झालंय फार" असं ऐकावं लागतं. पहिला तासभर कडेवरून उतरवू नका. बसल्या बसल्या ओळख होऊ द्या, ते आपणहून जातं.

लॉजवर उतरणार असाल तर खोली ताब्यात घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एका गावी आमच्या खोलीच्या न्हाणीघराची कडी आतून लेकराच्या हाताला येईल एवढी खाली होती आणि चिऊनं ती लावून घेतली. बाहेरून दार उघडायला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून कडीला टॉवेल अडकवून ठेवते, म्हणजे दार पूर्ण लागतच नाही. दुसरं, गॅलरीच्या गजांमधलं अंतर. तिसरं, गीझरचं पाणी: बादलीत आधी गार, मग गरम. गादी खाली जमिनीवर घालून मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

परतीचा प्रवास रविवारी रात्री ठेवून सोमवारी कामावर जायचं, असं करू नका. मध्ये एक दिवस घरी ठेवा. आणि निघायच्या आधीच स्वयंपाकघरात मूगडाळ-तांदूळ एका डब्यात मोजून, निवडून ठेवा, दूधवाल्याला तारीख सांगून ठेवा. आल्या आल्या कुकर लावायचा. शिट्टी होईपर्यंत लेकराला अंघोळ घालायची, आणि ऊन ऊन खिचडी भरवून त्याच्याच अंथरुणात, न धुतलेल्या चादरीत झोपवायचं.